दोन फेऱ्यांसाठी वर्षभर : मध्यम पल्ल्याच्या धावपटूचा नित्यक्रम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)





धावण्याच्या स्पर्धांत ८०० मीटर आणि १५०० मीटर या दोन शर्यतींना मध्यम पल्ल्याच्या शर्यती म्हणतात. ३००० मीटरची स्टीपलचेस, म्हणजे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत, हीही बहुधा याच गटात धरली जाते. ४०० मीटरच्या मैदानावर ८०० मीटर म्हणजे अवघ्या दोन फेऱ्या. शालेय स्पर्धेतील चांगला मुलगा त्या सव्वादोन मिनिटांच्या आत पूर्ण करतो आणि जागतिक दर्जाचा धावपटू पावणेदोन मिनिटांच्याही आत. एवढ्याशा कामासाठी वर्षाचे बाराही महिने पहाटे उठायचे, हे प्रथमदर्शनी कोणालाही अतिरेकाचे वाटेल. आणि बहुतेक घरांत ते तसे वाटतेही. म्हणूनच जून महिन्यात शाळा उघडल्यावर उत्साहाने मैदानावर येणारी मुले तालुका-जिल्हा पातळीच्या स्पर्धा आटोपल्या की दिसेनाशी होतात. पुढच्या वर्षी पुन्हा जूनमध्ये येतात, पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करतात, आणि दहावीचे वर्ष आले की कायमची थांबतात. त्यांच्यात गुण नव्हते म्हणून ती थांबत नाहीत. दरवर्षी पाया खणायचा आणि दरवर्षी तो बुजवायचा, अशा बांधकामाला मजला कधी चढायचा?

या शर्यतीचे शरीरशास्त्र थोडक्यात पाहिले म्हणजे खंडाचा तोटा एवढा का होतो, ते कळते. ८०० मीटर ही वेगाची शर्यत आहे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. त्या दोन फेऱ्यांत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा श्वासावाटे आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. १५०० मीटरमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दमसास हाच मुख्य आधार आहे. वेग त्यावर चढवायचा असतो. हा दमसास वाढतो म्हणजे काय होते? हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकांची संख्या वाढते. यांपैकी एकही गोष्ट एका आठवड्याच्या पराक्रमाने होत नाही. त्यासाठी महिने लागतात, आणि सरावात दोन-तीन आठवड्यांचा पूर्ण खंड पडला की घसरण मोजता येण्याइतकी होते. आणखी एक अडचण अशी की, फुप्फुसे आणि हृदय जितक्या लवकर सरावतात तितक्या लवकर हाडे आणि स्नायुबंध सरावत नाहीत. महिनाभरात मुलाला वाटते, आता आपल्याला हवे तितके पळता येईल. त्याची नडगी मात्र अजून तयार झालेली नसते. अतिउत्साही मुलांची नडगीची दुखणी बहुधा याच काळात उद्भवतात, आणि मग सक्तीचा खंड पडतो तो वेगळाच.

नित्यक्रमाचे महत्त्व जगाला ज्याने सर्वांत परिणामकारक रीतीने पटवून दिले, तो गृहस्थ कोणी शास्त्रज्ञ नव्हता. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) एकदा एका मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला आणि पार गळून गेला. आपण तंदुरुस्त आहोत, हा त्याचा भ्रम त्या दिवशी फिटला. पुढची कित्येक वर्षे त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. कधी अतिशय कमी धावून पाहिले, कधी अतोनात धावून पाहिले, आणि अखेरीस आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हे मान त्याने निश्चित केले. त्यातला मोठा भाग संथ नव्हे, पण धापही लागणार नाही अशा समगतीने धावायचा होता. १९५३ आणि १९५५ मध्ये तो आपल्या देशाचा मॅरेथॉन विजेता ठरला.

लिडियार्डच्या प्रयोगातील खरे धाडस पुढेच आहे. मॅरेथॉनपटूचा हा सराव त्याने ८०० मीटर धावणाऱ्या तरुणांनाही दिला. त्या काळी मध्यम पल्ल्याच्या शिक्षणावर जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांच्या पद्धतीचा मोठा पगडा होता. ठरावीक अंतर वेगाने धावायचे, थोडा विसावा घ्यायचा, पुन्हा धावायचे, असा तो क्रम. तो चुकीचा मुळीच नव्हता. या पद्धतीने घडलेल्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला होता. लिडियार्डचे म्हणणे एवढेच होते की, या तीव्र सरावाआधी काही महिने केवळ दमसासाचे असले पाहिजेत. त्याचे शिष्य ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे टेकड्यांतून २२ मैलांचा चढउताराचा वळसा दर रविवारी पुरा करीत. दोन फेऱ्यांच्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर! लोकांनी त्याला वेड्यात काढले असल्यास नवल नाही.

या शिष्यांपैकी पीटर स्नेल हा २१ वर्षांचा तरुण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा त्याच्या शेजारी विश्वविक्रमवीर रॉजर मोन्स धावत होता. शेवटच्या काही पावलांत स्नेलने त्याला गाठले आणि १ मिनिट ४६.३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. त्याच दिवशी, तासाभराच्या आत, लिडियार्डचा दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग ५००० मीटरचे सुवर्णपदक घेऊन गेला. रग्बीच्या अपघातात हॅलबर्गचा डावा हात कायमचा अधू झालेला होता. एकाच शहरातील मोजक्या तरुणांनी हे घडवले. स्नेलची गोष्ट येथेच संपत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये तो पूर्ण मॅरेथॉन धावला. जानेवारी १९६२ मध्ये त्याने वांगानुई येथे गवताच्या मैदानावर एक मैल ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि आठवड्याभरातच क्राइस्टचर्च येथे, तेही गवतावरच, ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत पूर्ण केले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० ही दोन्ही सुवर्णपदके त्याचीच होती. पुढे उतारवयाकडे झुकताना त्याने अमेरिकेत व्यायामशरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आपल्या पायांनी जे अनुभवले, त्याची कारणे प्रयोगशाळेत शोधण्यात त्याचे उर्वरित आयुष्य गेले.

येथे एक सूचना तातडीने दिली पाहिजे. १६० किलोमीटर हा आकडा ऐकून एखादा नववीतला मुलगा उद्यापासून तेवढे धावू लागला, तर तो पंधरवड्यात अस्थितज्ज्ञाकडे पोहोचेल. लिडियार्डकडून घ्यायचा तो क्रम, आकडा नव्हे.

सोळा-सतरा वर्षांच्या आणि किमान वर्षभर धावण्याची सवय असलेल्या मुलामुलींचा आठवडा ४० ते ५० किलोमीटरचा पुरेसा आहे. त्याची मांडणी अशी करता येते. सोमवारी ३५ ते ४० मिनिटे सहज गतीने धावावे. सहज गती म्हणजे शेजारी धावणाऱ्या सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतील अशी गती. वाक्य तुटू लागले की गती वाढली असे समजावे. शेवटी ८० ते १०० मीटरच्या पाच-सहा सैल पण वेगवान धावा घ्याव्यात, म्हणजे पाय वेग विसरत नाहीत. मंगळवारी शरीर नीट तापवून २० मिनिटे जरा कष्टाच्या, तरीही शेवटपर्यंत टिकेल अशा गतीने धावावे. बुधवार हलका. गुरुवारी एखादा चढ निवडून तीस-चाळीस सेकंदांच्या आठ धावा घ्याव्यात आणि चालत खाली यावे. स्पर्धेचे दोन महिने उरले की चढाऐवजी मैदानावर ४०० मीटरच्या पाच-सहा धावा घ्याव्यात. शुक्रवारी पूर्ण विश्रांती. शनिवारी अर्धा तास धावून पोटाचे, कमरेचे आणि पोटऱ्यांचे बळ वाढवणारे व्यायाम, आणि रविवारी तास-सव्वा तासाची लांब, संथ धाव. सात दिवसांत कष्टाचे दिवस दोनच आहेत, हे लक्षात घ्यावे. नवख्या मुलांची चूक बहुधा उलटी असते. ती सोपे दिवस अवघड करतात, म्हणून अवघड दिवशी त्यांच्या पायांत जोर उरत नाही आणि सगळाच आठवडा एकाच मध्यम, निरुपयोगी गतीत वाहून जातो.

हा आठवडा पाळायचा तर अंतरापेक्षा वेळ आणि जागा आधी ठरवावी. साडेपाचला अमुक कोपऱ्यावर, एवढे ठरले की अर्धी लढाई होते. सोबती असेल तर अंथरुणातून उठण्याचा प्रश्न परस्पर सुटतो. पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरतात, तेव्हा रस्त्याची कड किंवा डोंगराच्या पायथ्याचा चढ उपयोगी पडतो. एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापूर्वीच सराव संपवावा. मन अगदीच नको म्हणत असेल त्या दिवशी बूट घालून दहा मिनिटे धावावे आणि मग हवे तर परतावे. क्वचितच कोणी परत येतो. ताप असताना मात्र धावू नये. त्यात हृदयाला इजा होण्याचा धोका असतो, आणि तेथे निग्रह दाखवण्यात काही अर्थ नाही. बुटांविषयी फार बोलण्यासारखे नाही. मापाला बरोबर बसणारा आणि टाचेला आधार देणारा साधा बूट पुरतो. महागड्या बुटाने सेकंद कमी होतात असे सांगणाऱ्या जाहिराती शाळकरी मुलांसाठी नसतात.

नित्यक्रमात विश्रांतीचे स्थान काय, याचे उत्तम उदाहरण रॉजर बॅनिस्टर यांच्या सरावात सापडते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला आणि चार मिनिटांची भिंत प्रथमच पडली. त्या वेळी ते लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते धावून येत आणि पुन्हा रुग्णालयात हजर होत. त्यांचा एक ठरलेला सराव होता : ४४० यार्डांच्या दहा धावा आणि प्रत्येकीनंतर दोन मिनिटांची विश्रांती. १९५३ च्या डिसेंबरात प्रत्येक धाव ६६ सेकंदांची होती. महिन्यामागून महिने ती खाली येत गेली आणि एप्रिलमध्ये ६१ सेकंदांवर येऊन अडकली. चार मिनिटांचे गणित ६० च्या आत आल्यावाचून सुटणार नव्हते. अशा वेळी बहुतेक खेळाडू सराव दुप्पट करतात. बॅनिस्टर सराव सोडून मित्र ख्रिस ब्रॅशर यांच्यासोबत तीन-चार दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले. परतल्यावर दहाच्या दहा धावा ५९ सेकंदांत झाल्या. चार महिन्यांत शरीराने जे कमावले होते, ते थकव्याखाली झाकलेले होते. थकवा उतरताच ते वर आले. अर्थात चार महिने न चुकता केलेल्या सरावानंतरची ही विश्रांती होती. चार दिवसांच्या सरावानंतर चार दिवस डोंगरावर गेल्यास असे काही घडत नाही.

झोपेचेही असेच आहे. वाढत्या वयात आठ-नऊ तास झोप हवी. पहाटे साडेपाचला मैदानावर असायचे तर रात्री नऊच्या सुमारास अंथरूण धरले पाहिजे. ज्या घरात शिकवणी रात्री नऊला सुटते आणि भ्रमणध्वनी अकराला बंद होतो, त्या घरातील मुलाला पहाटे उठवणे हे शिस्तीचे नव्हे, छळाचे काम आहे. पालकांनी आधी रात्र दुरुस्त करावी. पहाट आपोआप सुधारते.

आता आहाराकडे वळताना या सभागृहाला विशेष लागू असे काही सांगितले पाहिजे. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्या घरातील मुलांना सायंकाळचा सराव अडचणीचा ठरतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. शाळा सुटल्यावर साडेपाचला धावायला गेलेला मुलगा उपाशी झोपतो, आणि कठोर सरावानंतर रात्रभर उपाशी राहिलेले शरीर झीज भरून काढू शकत नाही. यावर मार्ग नियम मोडण्याचा नाही आणि खेळ सोडण्याचाही नाही. मुख्य सराव पहाटेचा ठेवावा. सरावाहून परतेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. नवकारसी पाळणाऱ्यांचीही ४८ मिनिटे तोवर संपत आलेली असतात. मग पहिल्या तासाभरात भरपूर आणि सत्त्वयुक्त न्याहारी व्हावी : दूध, मोड आलेली मटकी, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खजूर. कंदमुळे वर्ज्य असली तरी धावपटूचे काही अडत नाही. त्याला लागणारे पिष्टमय पदार्थ भात, भाकरी आणि केळी यांतून पुरेसे मिळतात.

काळजी करायची ती लोहाची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारातील लोह शरीरात कमी शोषले जाते. कडधान्ये, तीळ, राजगिरा यांसोबत लिंबू किंवा आवळा घेतल्यास ते शोषण वाढते आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहाने घटते. ब-१२ शाकाहारात मुख्यतः दुधातूनच मिळते. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. पडत चाललेली वेळ पुष्कळदा आळसाची नसून पांडुरोगाची खूण असते. मुलींच्या बाबतीत आयांनी अधिक सावध राहावे. सराव वाढला आणि आहार तेवढाच राहिला, तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे खेळाडूपणाचे लक्षण नव्हे. हाडे ठिसूळ होऊ लागल्याची ती पूर्वसूचना असू शकते. संकोच न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पर्युषण आणि दशलक्षण पर्व भाद्रपदाच्या आसपास येतात आणि शालेय स्पर्धांचा हंगामही त्याच सुमारास सुरू असतो. ज्याला उपवास करायचा आहे त्याने त्या दिवशी सराव ठेवू नये, आणि दीर्घ उपवासानंतर पहिला आठवडा केवळ सहज गतीचा ठेवावा. उपवास आणि ४०० मीटरच्या धावा एकाच दिवशी करणे हे तपही नव्हे आणि सरावही नव्हे. कोणत्या वर्षी काय करायचे, हे घराने दिनदर्शिका समोर ठेवून जूनमध्येच ठरवले, तर भाद्रपदात वाद होत नाहीत.

भारतीय धावपटूंपैकी श्रीराम सिंग यांचे नाव या संदर्भात प्रथम घेतले पाहिजे. राजपुताना रायफल्समधील या जवानाला प्रशिक्षक इलियास बाबर यांनी लांब पल्ल्याकडून ८०० मीटरकडे वळवले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्या फेरीअखेर ते सर्वांच्या पुढे होते. १ मिनिट ४५.७७ सेकंदांत ते सातवे आले. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने मोडेपर्यंत ४२ वर्षे टिकला.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे तर दुष्काळी मुलखातील आहेत. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मॅरेथॉनकडून स्टीपलचेसकडे आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तत्कालीन राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोहोचल्या. तेथे त्या दहाव्या आल्या. लांब पल्ल्याचा पाया मध्यम पल्ल्याला कसा उपयोगी पडतो, हे लिडियार्डला याहून चांगले दाखवता आले नसते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनच्या बर्फात राहिले आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळले ते विशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ च्या जुलैत पॅरिस येथे त्यांची वेळ होती ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. सहा वर्षांत जेमतेम २० सेकंद, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन सेकंदही नाहीत. एवढ्याशा फरकाने राष्ट्रीय पातळीवरचा धावपटू २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत गेला, आणि सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी.

राहता राहिला तो दहावी-बारावीच्या परीक्षेचा प्रश्न. कारण बहुतेकांचा नित्यक्रम तेथेच तुटतो. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत सराव पूर्ण बंद करावा, असा पालकांचा आग्रह असतो आणि त्यामागची काळजी रास्त आहे. परंतु दमसास मिळवायला जेवढे श्रम लागतात, त्याहून कितीतरी कमी श्रमांत तो टिकवता येतो. संशोधनाने असे दाखवले आहे की, सरावाचे दिवस आणि वेळ बरीच कमी केली तरी त्यातली थोडी तीव्रता कायम ठेवल्यास कमावलेला दम कित्येक आठवडे टिकून राहतो. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी तीस मिनिटे, त्यांपैकी एका दिवशी मध्ये दहा मिनिटे जरा जोराने : आठवड्याचे हे दोन तास होतात. परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असा मुलगा मैदानावर येतो, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी जेथे थांबला होता, जवळपास तेथूनच तो धावू लागतो. आणि पावसाळ्यापूर्वीचे पायाभरणीचे दोन महिने त्याच्या हातात पूर्ण शिल्लक असतात.